अकरावा वाटा

आळेफाट्याच्या स्टँडवर नाशिककडची एस.टी. लागली, की गोजरबाईचा हात सुरीकडे जायच्या आधी तिचे डोळे गाडीच्या दाराकडे जात. ओठ हलत नसत, बोटं दुमडत नसत. शेवटचा माणूस खाली उतरला, की आकडा तिच्या डोक्यात तयार असे.

"गोजरबाई, किती?" एखादा जुना कंडक्टर मुद्दाम विचारायचा.

"एकोणतीस. आन् एक कडेवर."

कंडक्टर तिकिटांचा हिशोब जुळवून बघायचा आणि मान हलवायचा. "तुमाला महामंडळात घ्यायला पायजे राव. मशिन बंद पडलं तरी काम थांबणार न्हाई."

"मग कलिंगड कोण कापील, तुजी बायको?"

आजूबाजूचे टपरीवाले हसायचे. गोजरबाईच्या हातगाडीवर फळांच्या डिशा मांडलेल्या असत, कलिंगड, पपई, खरबूज, वर चाटमसाला. पण ती फळं विकायला बसली नव्हती, हे जुन्या लोकांना माहीत होतं. ती गाड्यांची दारं बघायला बसली होती. तेरा वर्षांपूर्वी, आखितीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी, तिचा नवरा सावळेराम टेम्पोचा एक पार्ट आणायला नाशिकला गेला. "दुपारच्या गाडीनं येतो," म्हणाला. ती दुपारची गाडी आली. त्यातून बावीस माणसं उतरली, आणि त्यांत तो नव्हता.

मग ती रोजच आपल्या गावाहून, डिंगोऱ्याहून, फाट्यावर येऊ लागली. बाईमाणूस दिवसभर स्टँडवर नुसतं उभं राहिलं, तर दहा जण दहा प्रश्न विचारतात. हातगाडी लावली तर कुणी काही विचारत नाही, फार तर डिश केवढ्याला, एवढंच. पहिल्या महिन्यात तिनं तीन वेळा बोट कापून घेतलं, कारण नजर सुरीवर नसायची. नंतर सुरी आपली आपण चालायला शिकली. चौकीत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, देवऋषी झाले. पार्टच्या दुकानदारानं सांगितलं, हा माणूस आमच्याकडं पोचलाच नाही. मधल्या वाटेवर तो कुठं उतरला, कुणी उतरवला, की उतरलाच नाही, हे कुणालाच सांगता आलं नाही.

कपाळाचं कुंकू मात्र तिनं पुसलं नाही. मोठं, पैशाएवढं लावायची.

आखितीला ती हातगाडी बंद ठेवी. वर्षातून तेवढाच एक दिवस. त्या दिवशी डिंगोऱ्यात घरोघर पितरांना पाणी देतात. पुरुषाच्या नावानं भरतात तो करा, बाईच्या नावानं भरतात ती केळी. दोन्ही मातीचीच, तांब्याएवढी मडकी. काठोकाठ पाणी भरायचं आणि तोंडावर एक आंबा ठेवायचा. त्यांना आंबा मिळाल्याशिवाय घरातल्या कुणी नवा आंबा तोंडाला लावायचा नाही. आधी करा, मग ताट.

ताट म्हणजे फळांची परात. ते काम पहिल्यापासून गोजरबाईचं. तिची रीत साधी होती. घरात जेवढी माणसं तेवढे द्रोण, परातीत गोल मांडायचे, आणि एकेक फळ एकेका द्रोणात टाकताना त्या माणसाचं नाव घ्यायचं. तोंडानं नाव, हातानं काप. कलिंगडाची फोड, खरबुजाच्या दोन चिरा, केळ्याच्या चकत्या, चार द्राक्षं, शेवटी आंबा. नाव घेऊन वाढलेला वाटा ज्याचा त्यालाच मिळतो, असं तिची सासू ठमाबाई सांगायची.

ठमाबाईनं आणखी एक सांगून ठेवलं होतं. सावळेराम गेल्याला वर्ष झालं, त्या आखितीला शेजारणीनं विचारलं होतं, पोराच्या नावाचा करा भरणार का. म्हातारी ताडकन उठली होती. "जित्या माणसाला पितरांत वाढलं, तर त्यो दोनीकडनं उपाशी ऱ्हातो. पंगतीत त्याचा वाटा नसतो आन् तिकडं त्याला कुणी बसू देत न्हाई." म्हणून सावळेरामचा वाटा परातीत कायम असे. सगळ्यांची नावं घेऊन झाली, की त्याचं, आणि सगळ्यांत शेवटी गोजरबाईचं स्वतःचं. त्याच्या द्रोणात आंब्याची फोड नसायची, कोय असायची. फोडी पोरांना द्या, कोय माझी, हा त्याचा हट्ट होता. चोखायचा तोही असा, की पडवीतला आवाज मागच्या परड्यात ऐकू यावा. ठमाबाई म्हणायची, "अरं, म्हस पानी पितीया का काय." चोखून पांढरीफेक झालेली कोय तो मोरीच्या पाण्याजवळ ओल्या मातीत उभी रोवायचा. त्यातली एक लागली. तोच मोरीमागचा आंबा.

तेरा आखित्या तो वाटा परातीत तसाच उरला. संध्याकाळी ती तो गाईपुढे टाकायची.

या वर्षी मात्र घरात लग्न निघालं. नात संस्कृती, तिच्या मुलाची, चांगदेवची, एकुलती एक. पारगावचं स्थळ होतं, सावळेरामच्या बहिणीनं, लंकाबाईनं जमवलेलं. ती स्वतः पारगावातच दिलेली. मुलगा सुदर्शन साखर कारखान्यात नोकरीला. सगळं ठरलं, आणि गाडी पत्रिकेवर येऊन अडली.

"आई, ओतूरच्या छापखान्यातनं सारखा फोन येतोय," चांगदेव म्हणाला. आखितीला दोन दिवस होते. बापाला तो दादा म्हणायचा. "दादांच्या नावाआधी काय लावायचं?"

"नाव छाप. नावाच्या आधी काय लागतंय?"

"सगळ्यांच्याच लागतंय. श्री लावायचं का कै लावायचं, एवढंच इचारतोय तो."

गोजरबाई द्राक्षाचे मणी देठापासून सोडवत होती. तिनं एक मणी तोंडात टाकला.

"पावण्यांनी पण इचारलंय," चांगदेव जरा खालच्या आवाजात म्हणाला. "थोरले व्याही हायेत का न्हाईत, ते एकदा कळू द्या म्हणले. त्यांचं बी खरंय. तेरा वर्षं झाली. सात वर्षांनी कायदा सुद्धा माणूस गेला असं धरतो."

"कायद्यानं धरलंय तर कायद्यालाच पत्रिका दे नेऊन."

उज्ज्वला, सून, चुलीपुढून बोलली. तिला सासूचं बोलणं माहीत होतं आणि त्यामागचं भयही. "आई, खरं सांगू? कै लावलं म्हणून तुमी हळदीला मागं ऱ्हायचं, असं मी व्हऊ देणार न्हाई. पयली हळद तुमीच लावायची. हल्ली कोण बघतंय?"

"व्याही बघतील," लंकाबाई म्हणाली. ती सकाळीच पारगावहून आली होती आणि दारातच भिंतीला टेकून बसली होती. मग ती उठून गोजरबाईच्या जवळ आली आणि तिचा आवाज बदलला. "वैनी, हळदीचं ऱ्हाऊ द्या, पत्रिकेचं बी ऱ्हाऊ द्या. मला येवढंच सांगा, माजा भाऊ गेला असंल तर? तेरा वरीस तान्हेला असंल त्यो. तुमी सगळ्या मुलुखाला कलिंगडं खाऊ घालता, आन् त्याच्या नावानं एक करा पानी न्हाई."

गोजरबाईचा हात थांबला. या बाजूनं तिनं कधी विचारच केला नव्हता. जिवंत असला तर उपाशी राहील, हेच धरून ती बसली होती. मेला असला तर तहानेला आहे, हे तेरा वर्षांत तिच्या मनाला शिवलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "बाजारातनं तीन मडकी आण रं चांगदेवा."

आखितीच्या सकाळी देवघराच्या कोपऱ्यात पाटावर तिन्ही मडकी मांडली. एकाच कुंभाराची, एकाच भट्टीतली. सोमाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा करा. ठमाबाईची केळी. आणि तिसरा करा. चांगदेवनं पहिल्या दोन्हींत पाणी ओतताना नावं मोठ्यानं घेतली. तिसऱ्याच्या वेळी नाव मोठ्यानं घेतलं नाही. ओठ नुसते हलले. लंकाबाईनं डोळ्याला पदर लावला. तिन्हींच्या तोंडावर मोरीमागच्या झाडाचे आंबे बसले. गोजरबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कुंकू उद्या पुसायचं, पावणे गेल्यावर, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पावण्यांपुढं घरात रडारड नको.

मग ती परातीकडे वळली. पावणे सहा येणार होते आणि लंकाबाई धरून घरचे पाच. अकरा वाटे. आज अकराच.

"आजी, मी काय म्हणते," संस्कृती मोबाईल पुढे करत म्हणाली, "मध्ये पपईचा मोर करू. हे बघ, द्राक्षांचा पिसारा. लय भारी दिसतो."

"भारी दिसंल. पण मोर कुणाच्या वाट्याला जायचा?"

"कुणाच्या नाही. शोभेला."

"फळ शोभेला आस्तंय व्हय? सासूला दाखीव तुजा मोर, ती तुला नाचीवते का न्हाई बघ."

संस्कृती हसली आणि समोर बसून केळी सोलू लागली. गोजरबाईनं द्रोण मांडले. गोल, बरोब्बर अकरा. मग पुटपुटत एकेक फळ द्रोणात पडू लागलं. दादाभाऊ, त्यांची मंडळी, सुदर्शन, त्याचा भाऊ, भावजय, मामा. मग लंका वन्सं, चांगदेव, उज्ज्वला, संस्कृती. हात सवयीनं चालला होता. मन त्या तिसऱ्या मडक्यापाशी होतं. फळं पाच, म्हणून नावांच्या पाच फेऱ्या झाल्या. शेवटची आंब्याची.

"आजी, या द्रोणात फोडी नाहीत. नुसती कोय आहे. हा कुणाचा?"

गोजरबाईनं बघितलं. अकराव्या द्रोणात कोय होती, गर लागलेली, चांगली जाड.

"माजाच," ती म्हणाली. "शेवटला माजाच आस्तो."

साडेअकराला पावणे आले. दादाभाऊ, सुदर्शनचे वडील, अंगानं भरलेले, बोलायला मोकळे. आल्या आल्या म्हणाले, "पत्रिकेचं एकदाचं मिटवा म्हंजे आमी आंब्याला मोकळे." सगळे पडवीत बसले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून खाली सतरंजी अंथरली. वैशाखातलं ऊन अंगणात असं पडलं होतं, की बाहेर बघवत नव्हतं. कोंबड्या कुठं तरी सावलीला गेल्या होत्या. तेवढ्यात लाईट गेली, पंखा फिरत फिरत थांबला, आणि घर एकदम शांत झालं.

गोजरबाई परात घेऊन दारात आली. नजर सवयीनं पडवीवरून फिरली.

अकरा.

ती थांबली. अकरा कसे? ती स्वतः उभी होती, म्हणजे पडवीत दहा हवेत. खांबाजवळ तांब्या-पेला घेऊन उभी असलेली उज्ज्वलाही धरली, तरी दहा. तिनं पुन्हा नजर फिरवली. पुन्हा अकरा. तेरा वर्षांत फाट्यावर तिची नजर एकदाही चुकली नव्हती. पाऊस असो, अंधारून आलेलं असो, गाडीत गर्दी असो. परात कंबरेला टेकवून तिनं पदराआड अंगठा पेरांवर फिरवला. पावण्यांचे सहा. वन्सं, चांगदेव, उज्ज्वला, संस्कृती. दहा.

बोटाला दहा. नजरेला अकरा.

"आई, द्या ना इकडं," उज्ज्वला म्हणाली. "जड हाय ती."

"ज्याचं त्यानं घ्या," असं म्हणत तिनं परात मधल्या टेबलावर ठेवली आणि ती आत आली. सरबताचं निमित्त होतं, म्हणून ती साखर घोळवत माठापाशी उभी राहिली. डोळे उन्हानं दिपले असतील. सकाळपासून पोटात काही नाही. अशी स्वतःची समजूत काढत असतानाच तिला बाहेरचा आवाज ऐकू आला.

सगळे खात होते, म्हणून कुणी बोलत नव्हतं. त्या शांततेत कुणीतरी कोय चोखत होतं. सावकाश, मन लावून, भुरका मारल्यासारखं. मध्ये श्वास घ्यायला थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

पळी गोजरबाईच्या हातातच राहिली. कोय एकाच द्रोणात होती. आणि तो द्रोण तिचा होता.

तेव्हा तिला आठवलं. शेवटचा आपलाच असतो, पण त्याच्या आधी आणखी एक असतो. तेरा वर्षं संस्कृतीच्या नंतर दुसरंच नाव येत होतं. आज वाटे अकरा मांडले, पण पाचही फेऱ्यांना अकराव्या द्रोणापाशी आल्यावर तोंडातून काय निघालं होतं? तिनं मनात ती फेरी पुन्हा म्हणून बघितली. वन्सं, चांगदेव, उज्ज्वला, संस्कृती, आणि मग, न थांबता, सहज, सावळेराम. फळं संपली, द्रोण संपले, आणि स्वतःचं नाव तिनं घेतलंच नव्हतं. म्हणूनच हातानं कोय ठेवली होती.

म्हणजे आज ती त्याला दोन्हीकडे वाढून बसली होती. करा सुद्धा, वाटा सुद्धा.

आवाज थांबला होता.

ती बाहेर आली तेव्हा परात रिकामी होती. लोक हात पुसत होते, बोलायला लागले होते. दादाभाऊ म्हणाले, "काय आंबा हाय इहीणबाई! घरचा का?" त्यांच्या शेजारी सतरंजीचं एक टोक मोकळं होतं आणि तिथं जरा चुरगळलं होतं. गोजरबाईनं हसल्यासारखं केलं आणि रिकामे द्रोण गोळा करायला लागली. एकात एक घालत गेली. एक, दोन, तीन. दहाव्यावर हात थांबायला हवा होता. सतरंजीच्या मोकळ्या टोकाशी एक अजून होता, नीट आडवा ठेवलेला. त्यात कलिंगडाची पांढरी साल होती, बाकी काही नव्हतं.

"उज्ज्वला, दोन घेतलेस का गं तू?"

"आवं, मी उभ्यानं एक खाल्ला कसाबसा. का? तुमाला ऱ्हायला न्हाई?"

"ऱ्हायलाय. आत हाय," गोजरबाई म्हणाली.

ती देवघरात गेली. खिडकीतून आलेल्या उन्हात तिन्ही मडकी दिसत होती. नवं मडकं पाझरतंच. सासऱ्यांच्या कऱ्याखाली पाटावर ओला काळा गोल उमटला होता, ठमाबाईच्या केळीखालीही तसाच. अंगावर घाम आल्यासारखे थेंब होते. तिसऱ्या कऱ्याखाली पाट कोरडा होता. तिनं बोट लावून बघितलं. अंग कोरडं, गरम. आंबा उचलून आत बघितलं, तर पाणी काठाला टेकलेलं. सकाळी ओतलं होतं तेवढंच.

"भाजणी जास्त झाली असंल," मागून उज्ज्वला म्हणाली. ती कधी आली ते कळलं नव्हतं. ती पाटाकडेच बघत होती आणि बोलताना तिनं सासूचा दंड धरला होता. "एखादं मडकं निघतं तसं. पाझरत न्हाई."

"निघतं."

तेवढ्यात परड्यातून चांगदेवची हाक आली. मोठ्यानं नव्हे, जपून मारलेली. "आई. जरा इकडं ये. एकटीच ये."

उज्ज्वला आणि लंकाबाईही मागोमाग आल्याच. चांगदेव हात धुवायला मोरीवर गेला होता आणि ओले हात तसेच धरून उभा होता. समोर, जिथं मोरीचं पाणी मुरतं तिथं, काळ्या मातीत एक कोय रोवलेली होती. उभी. चोखून पांढरीफेक, अजून ओली, आणि सगळे दोरे एका अंगाला विंचरल्यासारखे वळलेले.

"ही कुणी रोवली?" चांगदेवनं विचारलं. पंचेचाळिशीतला माणूस, पण विचारताना त्याचा आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. लहानपणी अशा रोवलेल्या कोया लाथेनं उडवल्या म्हणून त्यानं बापाच्या हातचा मार खाल्ला होता. "मी मगाशी आलतो, तवा न्हवती. पडवीतनं कुणी उठलं बी न्हाई."

वर आंब्याच्या झाडात वारा नव्हता. एकही पान हलत नव्हतं.

मग लंकाबाईनं गोजरबाईचा हात घट्ट धरला. "वैनी, माजं ऐका. गेलेल्या माणसाला आपण गेलो हे पटत न्हाई, तवाच त्यो असं करतो. त्याला वाट दावायला पायजे. आज भरलेला करा भरलेलाच ऱ्हाऊ द्या. उतरवलात, तर त्यानं जायाचं कुठं?"

"आसंल तसंबी," गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, फार शांत. "मला कळत न्हाई वन्सं, ते हायेत का न्हाईत. कळलं आसतं तर तेरा वर्सं फाट्यावर बसले आसते का? पण आज माज्या हातनं चूक झाली. वाटा बी त्यांच्या नावाचा झाला आन् करा बी त्यांच्या नावाचा झाला. दोनीकडं वाढलं मी. तुमीच बगा, त्यांनी कुठनं घेतलं."

लंकाबाईनं देवघराच्या दिशेनं बघितलं, मग कोयीकडे. तिचा हात सुटला.

गोजरबाई आत गेली. तिसऱ्या कऱ्यावरचा आंबा तिनं उचलला आणि पदरानं पुसला. करा दोन्ही हातांनी धरून परड्यात आणला. थेंब न सांडता आणला, कारण तो सांडायला तयारच नव्हता. पाणी काठावर घट्ट बसल्यासारखं. तिनं ते सगळं कोयीच्या बुडाशी ओतलं. मातीनं ते एका क्षणात पिऊन टाकलं, इतक्या आवाजात, की उज्ज्वला एक पाऊल मागे सरली.

मग तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून गोजरबाईनं तो आंबा खाल्ला. सकाळपासून तिच्या पोटात तेवढंच गेलं. सुरीनं कापला नाही, दातानं सोलला. रस कोपरापर्यंत ओघळला. चांगदेव, उज्ज्वला आणि लंकाबाई उभ्यानं तिच्याकडे बघत राहिली.

खाऊन झाल्यावर तिनं हात धुतले. आरशात न बघता कपाळावर बोट फिरवून कुंकू जागेवर असल्याची खात्री केली आणि पडवीत आली.

"पत्रिकेवर श्री छापायचं ठरलंय," तिनं पावण्यांना सांगितलं.

दादाभाऊंच्या मंडळींनी भुवया चढवल्या. "आस्सं? मग लग्नाला येणार हायेत का थोरले व्याही?"

"ते मी कसं सांगू?"

"न्हाई, पण श्री लावायचं म्हंजे..." बाईंनी मदतीसाठी नवऱ्याकडे बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता दादाभाऊ अडवणार. आल्यापासून त्यांनीच हा विषय तीनदा काढला होता. पण शेजारच्या सतरंजीच्या मोकळ्या टोकाकडे त्यांनी एकदा बघितलं, मग अंगणाकडे, मग पुन्हा सतरंजीकडे. काही तरी विचारावं असं त्यांच्या ओठांवर आलं आणि परत गेलं. नकळत त्यांनी आपली खुर्ची वीतभर बाजूला घेतली, जसं एसटीत कुणी बसायला आलं की घेतो तसं.

"श्रीच लावा," ते म्हणाले. "लावा. त्यात काय एवढं."

चांगदेवनं फोन लावला. अंगणाच्या कडेला जाऊन, पाठ फिरवून तो बोलत होता, तरी सगळं ऐकू येत होतं.

"हां, डिंगोऱ्याहून बोलतोय. ती पत्रिका... हां. नाव तेच, सावळेराम सोमाजी. कै नको. श्री घाला." पलीकडून छापखान्यावाला काही तरी म्हणाला, हसला असावा. चांगदेवनं वळून दारात उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. गोजरबाईची नजर त्याच्यावर नव्हती. ती पडवीवरून फिरत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओठ न हलवता.

"न्हाई हो," चांगदेव फोनमध्ये म्हणाला. "आले न्हाईत. हायेत."